हातातला जीपीएस की मनगटावरचं घड्याळ?

चाललेल्या वाटेची नोंद, म्हणजे ट्रॅक, अचूक हवा तर यातलं काय बरं? सह्याद्रीत नोंदवलेल्या ट्रॅकवर उद्या दुसरं कुणीतरी धुक्यात पाऊल टाकणार असतं. म्हणून माझं मत हातातल्या जीपीएसला. त्याचा अँटेना मोठा असतो. सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला उभा अडकवला की त्याला आकाश मोकळं मिळतं. घड्याळ हाताबरोबर सतत झुलतं, कधी अंगाआड जातं, आणि कातळ चढताना तर मनगट खडकालाच चिकटलेलं.

खरी परीक्षा सांदण दरीत. दोन्ही बाजूंना सरळ कातळभिंती, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि ट्रॅक चक्क कड्यातून आरपार गेलेला दिसतो. इथे हातातलं यंत्रही चुकतं. उलट उपग्रहाच्या सिग्नलच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी घेणारं नवं घड्याळ एकाच फ्रिक्वेन्सीच्या जुन्या यंत्राला मागे टाकू शकतं, हे मान्य करायलाच हवं.

पळायला घड्याळच बरं. फक्त नोंद दर सेकंदाला ठेवा. बॅटरी वाचवणाऱ्या मोडमध्ये बिंदू विरळ पडतात, नागमोडी वाट सरळ होते, अंतर कमी भरतं. आणि जेवायला बसलात की दोन्हींवर नोंद थांबवा, नाहीतर त्या जागी रेघांचा गुंता उमटतो.