पुस्तकासाठी मुक्काम: लेखक-निवास की वाईतली खोली?

हाती घेतलेले पुस्तक घराबाहेर राहून पुरे करायचे ठरले की दोन वाटा समोर येतात: लेखकांना काही काळ राहण्या-जेवण्याची सोय देणाऱ्या एखाद्या लेखक-निवासासाठी अर्ज करायचा, किंवा वाईसारख्या गावात पदरमोड करून खोली घ्यायची. पांझरा नदीवरच्या फड सिंचनाविषयीच्या, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या पद्धतीविषयीच्या, पुस्तकासाठी मी या दोन्ही ठिकाणी राहिलो आहे.

लेखक-निवासाची बाजू निःसंशय भक्कम आहे. अमेरिकेतील मॅकडॉवेल या १९०७ पासूनच्या संस्थेत दुपारच्या जेवणाची टोपली लेखकाच्या दाराशी आवाज न करता ठेवून जातात. आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालेल्या संगम हाऊसने इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतील लेखकांनाही जागा दिली. मी राहिलो ते ठिकाण निराळे होते, पण दिवस तिथेही असाच राखलेला असे. वाणसामान नाही, पाहुणे नाहीत, दारावर थाप नाही. शिवाय आपल्या पुस्तकावर कोणीतरी विश्वास टाकला आहे, ही जाणीव सकाळी लवकर उठवते.

अडचण रात्रीच्या जेवणाला येई. मंडळी अनेक भाषांतली, त्यामुळे बोलणे इंग्रजीत, आणि रोजचा विषय एकच: आज काय लिहिलेत? बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटून एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने पाणी फिरवायचे, ही सारी रचना मी सौजन्याने, आणि खरे सांगायचे तर उत्साहानेही, इंग्रजीत समजावून देत असे. दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण मराठीत लिहायला बसलो की कागदावर उतरे, ‘पाण्याचे वितरण लाभधारकांद्वारे सामूहिकरीत्या नियंत्रित केले जाते.’ वाक्यात चूक काहीच नाही, पण पाटावर उभा असलेला माणूस त्यातून नाहीसा झालेला. दुपारपर्यंतचा वेळ अशी वाक्ये मोडण्यात जाई, आणि रात्री पुन्हा तेच ताट, तोच प्रश्न. यात त्या संस्थेचा किंवा सोबत्यांचा दोष नव्हता. माणसे मनाने उमदी होती. मात्र न लिहिलेले प्रकरण आधी दुसऱ्या भाषेत सांगून टाकणे मला तरी मानवले नाही.

वाईत शांतता त्या मानाने कमी. वीज जाते, लग्नसराईत वाजंत्री वाजते, आणि घरचे फोन थांबत नाहीत, कारण आपण ‘नुसते वाईला’ गेलो आहोत असे सर्वांना वाटते. पण मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावात चालते, तिथे लिहायला आलेल्या माणसाकडे कोणी नवलाने पाहत नाही. खोलीच्या मालकीणबाई जेवलात का एवढेच विचारत, आणि पुस्तकाची चौकशी करणारे कोणी नव्हते. चहाच्या टपरीवर जवळच्या धोम धरणाच्या कालव्याची चर्चा चाले: आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार, शेवटच्या टोकाला पाणी पोहोचेल का, वरचे लोक दार का दाबून ठेवतात. नदी वेगळी, व्यवस्थाही वेगळी, पण पाण्याच्या पाळीवरून माणसे कशी बोलतात ते रोज कानावर पडत होते. पाटकऱ्याचे अडलेले प्रकरण तिथे सुटले.

ज्यांचा खर्डा तयार आहे, ज्यांना जाणत्या वाचकासमोर तो ठेवायचा आहे, किंवा ज्यांना घरच्या जबाबदाऱ्यांतून अन्य मार्गाने सुटका नाही, त्यांनी लेखक-निवासासाठी जरूर अर्ज करावा. खर्चाचा विचार केला तरी ती वाट अनेकदा हलकी पडते. परंतु पहिलाच खर्डा असेल आणि पुस्तक बोलत्या मराठीवर उभे असेल, तर मी वाईची खोली सुचवेन. ती घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: टेबल खिडकीशी लावता येते का, आणि खानावळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे का. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव घाटावर असतात. त्या दिवसांत जाणार असाल, तर घाटापासून थोडी दूरची खोली घ्यावी.