स्टीमच्या कपाटाचा चार महिन्यांचा अनुभव (घ्यायचं असेल तर आधी हे वाचा)

माझं माहेर लातूरचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, तेव्हा आई धुण्याचं पाणी संडासाला आणि भांड्यांचं पाणी झाडांना असं सगळं मोजून वापरायची. आता पुण्यात आमच्या सोसायटीत फेब्रुवारीपासूनच टँकर सुरू होतात. त्यामुळे पाण्याशिवाय कपडे स्वच्छ करणारं मशीन म्हटलं की मी थांबून बघतेच, आणि शेवटी लाखाच्या वर पैसे मोजून ते स्टीमचं कपाट घेतलंच.

एकदम बिनपाण्याचं नाहीये हं ते. खाली दोन छोट्या टाक्या असतात, एकीत आपण पाणी भरायचं, त्याची वाफ होते, आत हँगर हलतात, मग हीट पंपने कपडे कोरडे होतात आणि उरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत जमतं. आमच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनला एका वेळी पन्नासेक लिटर लागतं, इथे टाकी भरली की बरेच दिवस बघावं लागत नाही. साधी सायकल चाळीसेक मिनिटांची आहे.

सासऱ्यांची लोकरीची शाल, ह्यांचे ब्लेझर, लग्नातून आलेली शेरवानी, ह्याला तोड नाही. शालीचा तो ट्रंकेतला डांबरगोळ्यांचा वास दोन सायकलमध्ये गेला, आणि नंतर जाळी काढून बघितली तर राखाडी लव जमली होती, अगदी कापसासारखी. ड्रायक्लीनिंगला टाकणं जवळजवळ बंद झालंय आणि मला ह्याचं जास्त बरं वाटतं, कारण त्यात पाणी नसलं तरी बऱ्याच ठिकाणी पर्क नावाचं रसायन वापरतात, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बहुधा कॅन्सरकारक म्हणून नोंदवलंय.

आई पैठणी सावलीत दोरीवर टाकून वारा द्यायची, सोवळं झटकून ठेवायची. हे कपाट तेच काम करतंय, फक्त वाफेने. धुत नाहीये ते. पण दुकानातला मुलगा छातीठोकपणे म्हणाला, मॅडम वॉशिंग मशीन विकून टाका, आणि ते साफ खोटं होतं. लेकाचा शाळेचा शर्ट कपाटात लावला, वास गेला, सुरकुत्या गेल्या, पण कॉलर उलटून बघितली तर घामाची पिवळट रेघ जशीच्या तशी. वाफ उडून जाते हो, मीठ आणि तेलकटपणा कापडातच राहतो, त्याला वाहून न्यायला काहीतरी लागतंच. हळदीचं तर विचारूच नका. आणि आपल्याकडे रोजचं धुणं म्हणजे घामाचं सुती कापडच की, ब्लेझर किती जण घालतात?

म्हणून मला खरी आशा वाटते ती इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात निघालेल्या कल्पनेची. नायलॉनचे छोटे मणी कपड्यांबरोबर ड्रममध्ये फिरवायचे, ओलसर हवेत ते मळ स्वतःत ओढून घेतात आणि तेच मणी शेकडो वेळा वापरता येतात. त्यावर झीरॉस ही कंपनी निघाली, हॉटेलांच्या लाँड्रीत मशीन लागली. थोडं पाणी तिथेही लागतं, पण मळ बाहेर काढायचं काम मणी करतात, म्हणजे मुळातला प्रश्न पकडलाय त्यांनी. आमच्या इथल्या कुठल्याच दुकानात मात्र मला ते दिसलं नाही.

तर घरात रेशमी, लोकरी कपडे भरपूर असतील, धुळीची अ‍ॅलर्जी असेल आणि पैसे असतील तर कपाट जरूर घ्या, मला पाचपैकी साडेतीन द्यावेसे वाटतात. टँकरचं बिल कमी होईल म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, आमचं काहीच कमी झालेलं नाही. आणि डेमोला जाताना घरातली एक मळकी कॉलर नि हळद पुसलेला फडका घेऊन जा, तिथेच लावायला सांगा.