शंखातल्या सिक्लिडचा तयार सेट: मासे पास, वाळू नापास

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका दुकानात ‘मल्टी’चा, म्हणजे सिक्लिड कुळातल्या, शंखात राहणाऱ्या छोट्या माशाचा तयार सेट मिळतो: 60×30×30 सेंमीची टाकी, सहा मासे, सहा शंख, पाच किलो वाळू आणि काठाला टांगायचा फिल्टर. खोक्यावर ‘शिंपल्यातले मासे’ लिहिलंय. शिंपला नव्हे हो, शंख.

मासे मात्र उत्तम. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातली ही मल्टिफॅसिएटस जात. नर साडेचार सेंमीपर्यंत, मादी तीनेक. पोटं खपाटीला गेलेली नाहीत, पट्टे ठळक, आणि जाळी पाण्यात शिरताच सहाही शंखात गडप.

घोळ आहे वाळूत. पाच किलो म्हणजे साधारण सव्वातीन लिटर, एवढ्या तळावर थर जेमतेम पावणेदोन सेंमी. हे तर जन्मजात वाळूउपसे! तोंडात भरभरून शंखाखालची वाळू काढतात आणि शंख तोंडापर्यंत पुरतात. दोन-चार दिवसांत तळाची काच उघडी पडते, शंख लोळतात, हद्दीवरून मारामाऱ्या लागतात. थर 5 सेंमी हवा, म्हणजे एकूण तेरा-चौदा किलो, दाणा एक मिमीहून बारीक.

शंखही बदलाच. सेटमधले टोकदार समुद्री शंख आत निमुळते होत जातात. मासा अडकून मेला तर पाण्याला वास सुटल्यावरच कळतं. भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे, गोल तोंडाचे शंख चालतात. पंधरा मिनिटं उकळा, तरीही वास आला तर फेका. दर माशामागे तीन, म्हणजे अठरा.

फिल्टरच्या नळीला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. हीटर सेटमध्ये नाहीच, आणि नाशिकच्या जानेवारीत त्यावाचून भागत नाही; 75 वॉटचा घेऊन 25 अंशांवर ठेवा. पीएच (पाणी किती क्षारीय ते सांगणारा आकडा) 8 च्या वर हवा. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला आणि पीएच टिकावा म्हणून कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्याचा चुरा, पाव किलो, धुऊन जाळीच्या पिशवीत फिल्टरजवळ ठेवा. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदललं की पुरे. एकदम निम्मं बदललं तर पीएच हलतो, पिल्लं आधी जातात.

दुकानदार सुटे मासेही देतो, पण शंखासकट. तेच घ्या. घरी शंखाचं तोंड खाली करून पाण्याबाहेर हळूहळू उचला. आतलं पाणी ओसरतं तसा मासा आपणहून खाली उतरतो. काडीने ढोसू नका.