बोटीवरच्या किरकोळ दुरुस्तीला कोणतं वेल्डिंग मशीन: वायरवालं की रॉडवालं?

स्टीलच्या बोटीवर वेल्डिंगचं काम कधी संपत नाही. आज रेलिंगच्या खांबाचा पाया गंजलेला सापडतो, महिन्याभराने झाकणाची बिजागरी सुटते, नंतर इंजिनाजवळचा एखादा ब्रॅकेट तडकतो. दर वेळी कारागिराची वाट बघण्यापेक्षा स्वतःचं मशीन घ्यावं असं मनात आलं, की निवड बहुतेक दोन मशीनांपाशी येऊन थांबते: रॉडवर चालणारं इन्व्हर्टर किंवा वायरवर चालणारं छोटं मशीन. टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आणि गॅसच्या आवरणात केलं जाणारं वेल्डिंग, मी यात धरत नाही. स्वच्छ, नाजूक कामाला ते उत्तम. पण जुना, पुरता साफ न होणारा पत्रा आणि उघड्यावरचा वारा त्याला सोसत नाही.

मी आधी वायरवालं घेतलं. तीन वर्षं वापरलं आणि मग रॉडवर आलो. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण वायरची बाजू खरोखर भक्कम आहे, ती आधी सांगतो.

पातळ पत्र्यावर वायरसारखं दुसरं काही नाही. मूळचा ४ मिमीचा पत्रा एखाद्या कोपऱ्यात गंजून निम्माच उरलेला असतो आणि रॉड लावला की बघता बघता भोक पडतं. वायरने तिथे छोटे छोटे टाके मारत सांधा पुरा करता येतो. हातही लवकर बसतो, कारण रॉड जळत जाईल तसा हात खाली नेण्याची कसरत इथे नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बहुतेक वायर मशीनांत ट्रिगर दाबल्याशिवाय वायरमध्ये करंट येत नाही. रॉड मात्र होल्डरमध्ये लावला की मशीन चालू असेपर्यंत जिवंतच असतो.

गॅसचा सिलिंडर बोटीवर नेण्याच्या फंदात पडू नये असं माझं मत. ताशी आठेक किलोमीटरच्या वाऱ्यातही वितळलेल्या सांध्याला हवेपासून वाचवणारं गॅसचं आवरण विस्कटतं आणि सांध्यात बारीक छिद्रं राहतात. डेकवर तेवढा वारा नसतो तो दिवस विरळा. म्हणून बोटीसाठी वायर म्हणजे गॅसविना चालणारी, पोटात फ्लक्स (जळताना स्वतःच आवरण तयार करणारी पूड) भरलेली वायर. ती वापरताना टॉर्च, म्हणजे वायर सोडणारी हातातली मूठ, निगेटिव्हला जोडावा लागतो. जोडणी गॅसच्या वायरसारखीच राहिली तर ठिणग्या फार उडतात आणि वेल्ड पकड घेत नाही.

इथपर्यंत मी समाधानी होतो. मला बदलायला लावलं ते रिळावरच्या गंजाने.

आपलं काम रोजचं नसतं. आज चार इंच वेल्डिंग केलं की मशीन पुन्हा दीड-दोन महिने कप्प्यात. तेवढ्यात खारी हवा रिळापर्यंत पोचते. वरच्या फेऱ्यांवर तांबूस भुकटी दिसते. त्या फेऱ्या कापून टाकल्या तरी खालच्या फेऱ्यांची अवस्था फारशी वेगळी नसते. अशी वायर टॉर्चच्या केबलमधल्या लाइनरमधून, म्हणजे आतल्या बारीक नळीतून, जाताना भुकटी आत सोडत जाते. मग वायर अडखळत येते, आर्क तुटतो, टिपला वायर चिकटते आणि पुढे वाट नाही म्हणून रोलरपाशी तिचा गुंता होतो. हे सगळं डेकवर गुडघे टेकून, मास्क वर-खाली करत निस्तरायचं. मी दोनदा लाइनर बदलला. दर कामानंतर रीळ काढून सिलिका जेलसह हवाबंद पिशवीतही ठेवून पाहिलं. फरक पडला, पण दर वेळी वायर नव्याने ओवायची आणि तीसुद्धा एका खांबाच्या पायासाठी, हे मला फार काळ जमलं नाही. तुमचं काम आठवड्यातून दोनदा निघत असेल तर कदाचित हा त्रास तुम्हाला जाणवणारही नाही.

रॉडलाही दमट हवा बाधते, हे खरं. पण ६०१३ या साध्या प्रकारचे रॉड मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि क्वचित एखादा ओलसर निघालाच तर तो बाजूला ठेवून पुढचा घेतो. एका खराब रॉडपायी अख्खं मशीन अडून बसत नाही. ७०१८ या प्रकारच्या रॉडची गोष्ट वेगळी. ते जास्त मजबुतीचे, पण ओल धरली तर ३०० अंशांच्या वर भाजून घ्यावे लागतात. किरकोळ कामाला मी ते घेत नाही. पाण्याखालच्या पत्र्याला तर मी हातच लावत नाही. ते काम बोट वर काढून, जाडी मोजून, जाणत्या माणसानेच करावं.

पातळ पत्र्यावर रॉड अवघड, हे मी नाकारत नाही. २ मिमीचा रॉड, ५० अँपिअरच्या आसपास करंट आणि मागे तांब्याची पट्टी, एवढ्यावर माझं बरंच काम निभावलं आहे. एवढं करूनही भोक पडेल इतका पत्रा पातळ असेल तर तो कापून नवा तुकडा बसवणंच बरं. ड्यूटी सायकलची, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालू शकतं याची, फार चिंता करू नका. चार इंचांच्या कामात मशीन तापण्याआधी रॉड संपतो. जनरेटरचं विचाराल तर माझ्या ४ केव्हीएच्या जनरेटरवर २.५ मिमीचा रॉड व्यवस्थित चालतो. ३.१५ लावला की जनरेटर दबतो.

रॉडवालं घेणार असाल तर व्हीआरडी (व्होल्टेज कमी करणारी सोय) असलेलंच बघा. वेल्डिंग थांबलं की ते होल्डरवरचा व्होल्टेज उतरवतं. ओल्या, खारट डेकवर घामेजल्या हाताने रॉड बदलताना याची किंमत कळते.

मशीन कोणतंही असो, अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. तो लांब कुठेतरी लावला तर करंट शाफ्टच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा आधी सोडवा. पत्र्याच्या आतल्या बाजूला फोम असेल तर तो काढल्याशिवाय सुरुवात करू नका. तो आतल्या आत धुमसतो, त्याचा धूर विषारी असतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. शक्य असेल तर आत एक माणूस पाण्याची बादली घेऊन बसवा.

रॉडचा एक फायदा मला मशीन बदलल्यावरच कळला. छोट्या वायर मशीनचा टॉर्च साधारण तीन मीटरचा, त्यामुळे मशीन कामाच्या मागे मागे उघड्या डेकवर न्यावं लागतं. रॉडवाल्याला मी १० मीटरची जाड तांब्याची केबल जोडली. आता मशीन केबिनमध्ये कोरडं राहतं आणि होल्डर तेवढा नाळेपर्यंत, बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, जातो.

वायरवालं मी विकलेलं नाही. ते जमिनीवर, कोरड्या खोलीत ठेवलं आहे. पातळ पत्र्याचं झाकण किंवा पेटी सुटी होत असेल तर ती बोटीवरून काढून त्याच्याकडे घेऊन जातो.