जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती : गिरगावातील एका दुकानाचा अनुभव

परीक्षण लिहायचे तर दुकानाचे नाव द्यायला हवे, हे मला मान्य आहे. परंतु मालकांनी नाव न देण्याची विनंती केली. दुकानात वडील आणि मुलगी अशी दोनच माणसे काम करतात, हातातले काम आधीच तीन-चार महिने मागे पडलेले आहे आणि आणखी गिऱ्हाईक आले तर असलेल्यांचे काम बिघडेल, असे त्यांचे म्हणणे पडले. गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे, एवढे सांगून मी कामाबद्दल लिहितो. जुने छायाचित्र दुरुस्तीला देताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे मला तेथे पहिल्यांदा कळले आणि ते नावाशिवायही उपयोगी पडेल असे वाटते.

छायाचित्र खेळायच्या पत्त्याएवढे, कृष्णधवल, चार बाजूंनी पांढरी किनार असलेले. संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वराच्या यात्रेत, १९८४ च्या मकरसंक्रांतीला, एका फिरत्या छायाचित्रकाराने ते काढले होते. रंगवलेल्या पडद्यावर धबधबा आणि हरणे होती. त्यापुढे आम्ही दोघे मित्र, तेरा वर्षांचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होतो. दोघांत मिळून पाच रुपये दिले, त्यात एकच प्रत मिळणार होती. ती टपालाने येणार म्हणून पत्ता माझा दिला आणि ती माझ्याकडेच राहिली. छायाचित्रकार कोल्हापूरकडचा होता, एवढेच आम्हाला ठाऊक होते. माझ्या मित्राचे दुसरे एकही छायाचित्र कोणी कधी काढले नाही.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो सकाळी शाळेत जायला म्हणून चिपळूणच्या घरातून निघाला आणि शाळेत पोहोचला नाही. त्या दिवशी पाऊस होता. वाशिष्ठीच्या काठाने माणसे खाडीपर्यंत शोधत गेली, एस.टी. स्थानकावर विचारपूस झाली, मुंबई-गोवा महामार्गावरच्या धाब्यांवर आणि ट्रकवाल्यांकडे चौकशी झाली. नदीने नेले म्हणणारे नदीचे नाव घेत राहिले आणि मुंबईला पळाला म्हणणारे मुंबईचे. दोघांनाही पुरावा म्हणून दप्तराचा पट्टासुद्धा सापडला नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१३ चा आहे. १९८४ मध्ये आमच्या गावात त्याची जागा नोंदवहीतल्या चार ओळींनी घेतली होती.

तो जाण्याच्या दोन दिवस आधी आमचे भांडण झाले होते. गणिताचा गृहपाठ मी त्याच्या वहीतून उतरवला आहे हे त्याने सरांना सांगितले, आणि मला वर्गासमोर छड्या बसल्या. घरी येऊन मी कंपासपेटीतले कर्कटक घेतले आणि छायाचित्रातल्या त्याच्या तोंडावर रेघोट्या ओढल्या. रागाच्या भरात आणि तरीही बऱ्यापैकी काळजीपूर्वक, कारण माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर एकही रेघ गेलेली नाही. चौथ्या दिवशी त्याचे वडील आमच्या ओसरीवर आले. मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' म्हणून हरवलेल्यांची छायाचित्रे दाखवतात, असे त्यांना लालबागच्या नातेवाइकांनी कळवले होते. “बाळा, तुमचा यात्रेतला फोटो आहे ना रे तुझ्याकडे?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “तो आलाच नाही, काका.” शेवटी वर्तमानपत्रात छायाचित्राविना मजकूर छापून आला : रंग सावळा, उंची चार फूट आठ इंच, अंगात पांढरा सदरा व खाकी अर्धी चड्डी. त्या वर्णनात आमच्या शाळेची निम्मी मुले बसत होती.

त्याच रात्री मी ते छायाचित्र देवघरावरच्या गणपतीच्या तसबिरीत, चित्र आणि मागचा पुठ्ठा यांच्यामध्ये सरकवले. पुढची सदतीस वर्षे ते तेथे होते आणि मी ते एकदाही बाहेर काढले नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात घराचा तळमजला पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर भावाने चिखलातून तसबीर उचलली, पुसली आणि उन्हात वाळत ठेवली. आत आणखी काही आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

यातले वाळत ठेवणे हे सर्वांत मोठे नुकसान ठरले, आणि हे मला दुकानात समजले. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रात चांदीचे सूक्ष्म कण जिलेटीनच्या थरात बसवलेले असतात. पाणी लागले की जिलेटीन फुगते, मऊ होते, आणि ज्याला टेकलेले असेल त्याला वाळताना चिकटून बसते. भिजलेली छायाचित्रे स्वच्छ थंड पाण्यातून काढून सुटी करावीत, वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत म्हणजे बुरशी थांबते आणि निर्णयाला उसंत मिळते, असे मालकांनी सांगितले. एकावर एक रचून उन्हात तर मुळीच ठेवू नयेत. चिपळूण, महाड, सांगलीकडच्या वाचकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. माझ्या छायाचित्राचा पृष्ठभाग गणपतीच्या चित्राच्या पाठीला चिकटून एकजीव झालेला होता. एका कोपऱ्यातून मी ते सोलायचा प्रयत्न केला आणि रंगवलेल्या पडद्यावरचे एक हरीण कायमचे गमावले. तेव्हा हात आवरला.

गिरगावात जाण्याआधी मी सोपा मार्गही करून पाहिला. थोडेफार सुटे झालेले छायाचित्र मोबाइलवर टिपून एका ॲपला दिले. अर्ध्या मिनिटात एक गोंडस मुलगा माझ्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. कातडी नितळ, दोन्ही डोळे टपोरे, दात एका ओळीत. माझ्या मित्राचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. यंत्र हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले असते आणि जेथे माहिती नाही तेथे त्या चेहऱ्यांतले काहीतरी आणून बसवते. घरच्यांना ते चित्र फार आवडले. मी ते पुसून टाकले, कारण आणखी दोन-चार वेळा पाहिले असते तर मला त्याचा खरा चेहरा आठवेनासा झाला असता.

दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट हातात येते ती कामाची पत्रिका. मळखाऊ पुठ्ठ्याची, हाताने भरायची. छायाचित्राचा अंदाजे काळ, आकार, कोण कोठे उभे आहे, नुकसानीचे कारण. मी कारणाच्या रकान्यात 'पूर' असे लिहिले. मालक सत्तरीचे असावेत. पूर्वी स्टुडिओंसाठी बारीक कुंचल्याने निगेटिव्हवर हात फिरवण्याचे काम करत होते. त्यांनी खोलीतला दिवा घालवला, टेबलावरचा छोटा दिवा छायाचित्राच्या पातळीला आणून आडवा धरला आणि भिंगातून बराच वेळ पाहिले. तिरप्या उजेडात कागदाचा प्रत्येक उंचसखलपणा सावली टाकतो. चिकटलेल्या कागदाच्या फाटक्या कडेशेजारी, मोकळ्या राहिलेल्या गालावर, मला तीन समांतर चर दिसले.

“हे पुराचं नाही,” ते म्हणाले. “पाण्यानं जिलेटीन उचलतं, सुटतं. हे टोकदार वस्तूनं काढलंय, आणि पाण्याच्या फार आधी. चरांच्या कडा बघा, जुन्या आहेत.” मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारले नाही. मात्र पत्रिकेत 'पूर' या शब्दापुढे त्यांनी स्वल्पविराम देऊन लिहिले : 'व पूर्वीचे ओरखडे'. आमचा व्यवहार वास्तविक ओरखडे भरून देण्याचा आणि पैसे घेण्याचा. कारणाची नोंद इतकी नेमकी असण्याची गरज काय, असे तेव्हा मला वाटले होते आणि थोडा रागही आला होता.

काम कसे होते ते सांगतो. छायाचित्र आहे त्या स्थितीत आधी स्कॅन केले जाते, म्हणजे पुढे काही बिघडले तरी मूळ अवस्थेची नोंद राहते. मग ते थंड, गाळलेल्या पाण्यात ठेवतात आणि कागदाचे तंतू एकेक करून मऊ कुंचल्याने सुटे करतात. हे काम मालक स्वतः करतात आणि दिवसाला बोटाच्या पेरापेक्षा जास्त करत नाहीत. फुगलेल्या जिलेटीनला नख लागले तरी चेहरा जातो. वाळल्यावर पुन्हा स्कॅन, या वेळी १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. पुढचे काम मुलीचे, संगणकावर. मी एकदा तिच्या शेजारी बसून पाहिले. पडद्यावर मित्राचा कान ताटाएवढा दिसत होता, आणि ती त्यावरचा बुरशीचा एक ठिपका शेजारच्या कातडीचा पोत घेऊन भरत होती. एका ठिपक्याला दीड-दोन मिनिटे लागली. यंत्राची आपोआप चेहरा करणारी सोय त्यांच्याकडेही आहे, पण मूळ माणूस ओळखणारे कोणी हयात असेल तर ती वापरायची नाही, असा त्यांचा नियम आहे.

अडचण डाव्या डोळ्याची होती. माझे कर्कटक तेथे सर्वांत खोल गेले होते. थर निघून पांढरा कागद उघडा पडला होता. उजवा डोळा शाबूत असल्याने तोच उलटा करून डावीकडे बसवता येईल, असे मी सुचवले. बहुतेक दुकाने हेच करतात आणि ते बेमालूम दिसते. मालकांनी नकार दिला. “कुणाचेच दोन डोळे सारखे नसतात. मी बसवला तर तो डोळा माझा, त्याचा नाही. तुम्हाला पाहिजे तर करून देतो, पण पत्रिकेत तसं लिहीन.” मी आठवून पाहिले. त्याच्या एका डोळ्याची पापणी किंचित झुकलेली असे, एवढे पक्के आठवत होते. कोणत्या, ते आठवेना. शेवटी ती जागा आजूबाजूच्या करड्या छटेने नुसती शांत करून ठेवण्यात आली. लांबून पाहिले तर डोळ्यावर सावली पडल्यासारखी वाटते. जवळून पाहिले तर तेथे काही नाही हे कळते.

खर्च एकूण ४२०० रुपये आला : वेगळे करण्याचे १८००, संगणकावरच्या कामाचे १७००, आणि सुती कागदावरच्या दोन प्रतींचे प्रत्येकी ३५०. मोबाइलचे ॲप फुकट आहे, त्या मानाने ही रक्कम मोठी वाटेल. पडद्याशेजारी बसून पाहिल्यानंतर मला ती कमी वाटली. तक्रारीही आहेत. तीन आठवडे सांगून सात आठवडे लावले, मधल्या काळात दूरध्वनी उचलला नाही, आणि डोंबिवलीहून दोन खेपा फुकट गेल्या. दुकानात बसायला एकच स्टूल आहे. प्रतीची किनार मुळापेक्षा थोडी रुंद झाली आहे. हे दाखवल्यावर मुलीने मान्य केले, पण बदलून द्यायचे नाव काढले नाही. छटा मात्र उत्तम उतरली आहे. सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले होते आणि त्या जागी त्याच्या आईने टाचणी लावली होती, हे मी विसरलो होतो. ती टाचणी दिसते.

प्रती मी त्याच्या बहिणीसाठी केल्या होत्या. ती आमच्याहून सहा वर्षांनी लहान. आता पनवेलला असते. वडील गेले, आईही गेली. कायद्याने सात वर्षांनी माणूस मृत मानता येतो आणि शास्त्राने बारा वर्षांनी पालाशविधी, म्हणजे देहाऐवजी पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यसंस्कार, करता येतो, पण आईने दोन्ही होऊ दिले नाही, त्यामुळे घरातल्या रेशनकार्डावर त्याचे नाव पुष्कळ वर्षे तसेच होते. मी लिफाफा दिला तेव्हा बहिणीने आधी छायाचित्र बाहेर काढले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. दादाचा चेहरा तिला आठवत नव्हता. लोक सांगत त्यावरून तिने एक चेहरा मनाशी धरला होता आणि तो हा नव्हता, असे ती नंतर म्हणाली.

कामाची पत्रिका हे दुकान प्रत्येक लिफाफ्यात घालते, हे माझ्या लक्षात राहिले नव्हते. तिने ती वाचली. “पूर कळला. पूर्वीचे ओरखडे कसले?”

मी सगळे सांगितले. गणिताची वही, कर्कटक, ओसरीवर आलेले काका, तसबीर. ते छायाचित्र दिले असते तर तो सापडला असता का, हे मला ठाऊक नाही, आणि ते तिलाही ठाऊक नाही. ती मला रागावली नाही, माफही केले नाही. त्या दिवशी बाबा आमच्या घरून परत आले तेव्हा ती दारात उभी होती, एवढेच तिने सांगितले. “फोटो नाही मिळाला, असं ते आईला म्हणाले. मला वाटलं, दादाचा फोटो कुणी काढलाच नव्हता.” मग तिने विचारले की दुरुस्तीच्या आधीचा, रेघांसकटचा फोटो दुकानात असेल का. असतो, मी म्हणालो; पहिला स्कॅन ते जपून ठेवतात. “मग तोही हवा मला.”

त्या प्रतीचे ३५० रुपये मी दुसऱ्याच दिवशी भरले. आठ दिवसांत देतो म्हणाले होते. आज तिसरा आठवडा चालू आहे.