वीसाचे तीस करताना: फ्रेशर घ्यावेत की अनुभवी?

पुण्यातल्या वीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला मोठं काम मिळालं, की मालक दोन पगारांचे आकडे शेजारी ठेवून भरती ठरवतात. मी म्हणेन, आधी कॅलेंडर काढा.

अनुभवी माणूस लगेच हाताशी येतो, हा समज चुकीचा आहे. आयटीत राजीनाम्यानंतर ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. म्हणजे आज होकार आला तरी रुजू व्हायला तीन महिने, आणि तेवढ्यात त्याला दुसरी ऑफरही येऊ शकते. बायआउटला, म्हणजे पैसे भरून नोटीस पिरियड कमी करायला, जुनी कंपनी तयार होईलच असं नाही. पण एकदा आला की तो क्लायंटशी बोलतो, प्रोडक्शन, म्हणजे क्लायंट वापरत असलेलं सॉफ्टवेअर, बंद पडलं तर स्वतः निस्तरतो. सहा महिन्यांत डिलिव्हरी असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही.

फ्रेशर साधारण जून-जुलैत परीक्षा संपल्यावर येतात. सीओईपी, पीआयसीटी या पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा असते. त्यापेक्षा सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस इथे जा. तिथेही उत्तम मुलं आहेत. पगार कमी असला तरी खरा खर्च सिनिअरच्या वेळेचा असतो. दोन फ्रेशरमागे एका सिनिअरचे रोज दीड-दोन तास कोड रिव्ह्यूत (त्यांचा कोड तपासण्यात) आणि शंका सोडवण्यात जातात असं धरा. तेवढा वेळ देता येत नसेल तर कृपया फ्रेशर घेऊ नका. कुणी न शिकवता टेस्टिंगच्या एक्सेल शीट भरण्यात मुलीचं पहिलं वर्ष गेलं, तर ते तिला कोण परत देणार?

तीस माणसं झाली की अप्रेंटिस कायदाही लागू होतो. मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 'नॅट्स' या केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेतून घेतले तर स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार देतं.

कंत्राटी माणसं फक्त मुदतीच्या कामाला, उदाहरणार्थ डेटा मायग्रेशनला (जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायला).

नवे दहाही जण एकाच टीममध्ये, एकाच महिन्यात आणू नका. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५, म्हणजे एकमेकांशी जुळवून घेण्यातच वेळ जातो. काम डिसेंबरात मिळालं असेल तर तेव्हाच तीन अनुभवींना ऑफर द्या, ते मार्च-एप्रिलमध्ये येतील. जुलैपर्यंत त्यांना तुमचा कोड नीट कळलेला असेल, तेव्हा चार फ्रेशर घ्या. उरलेल्या तीन जागा दिवाळीनंतर भरा.