गच्चीवरचा गुलाल : सीस्टार एस-५०, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा वापरून

तेहतीस वर्षं विजेच्या कामात गेली. जन्मभर काय केलं असं कुणी विचारलं तर ‘दिवे लावले’ म्हणतो, आणि ते खोटंही नाही. निवृत्तीनंतर छंद लागला तो मात्र नेमका अंधाराचा. त्याचं बी नोकरीतच पडलेलं. माण तालुक्यात असताना रात्री-अपरात्री लाइनवर फॉल्ट यायचा. सबस्टेशनवरून परमिट घ्यायचं, फीडर बंद, की चार-पाच गावं एकदम काळीठिक्कर. खांबावर कमरेचा पट्टा अडकवून मान वर केली की जे दिसायचं, ते आता साताऱ्यातल्या माझ्या गच्चीवरून दिसत नाही. त्यात माझाही हात आहे, कबूल.

तर गेल्या दिवाळीत सीस्टार एस-५० घेतली. झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीची ही ‘स्मार्ट’ दुर्बीण २०२३ मध्ये बाजारात आली. मला घरपोच साठ हजारांच्या पुढे पडली. खोकं उघडल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्यात गच्चीवर पत्रा पडला असता.” या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

दिसायला मिक्सरच्या भांड्याला खांदा फुटावा तशी. वजन अडीच किलो, सोबत छोटी तिपाई. पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं, नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) २५० मिलिमीटर. आणि डोळा लावायला जागाच नाही! शेजारचे काका दोनदा गोल फिरून आले, वाकून बघितलं, शेवटी विचारलं, “अण्णा, बघायचं कुठून?” मोबाइलमधून. आत सोनीचा कॅमेऱ्याचा सेन्सर आहे, मोटारी आहेत, दव पडू नये म्हणून हीटर आहे, बॅटरी आहे. ॲपमध्ये नाव निवडायचं, यंत्र खांदा उचलतं, आकाशाचा एक फोटो घेतं, त्यातल्या ताऱ्यांची ठेवण आपल्याकडच्या नकाशाशी जुळवतं आणि आपण नेमके कुठे बघतोय ते ओळखून सरकत सरकत जागेवर येतं. माझ्याकडे आधी १३० मिलिमीटर आरशाची न्यूटनी दुर्बीण होती, अजून आहे. तिच्यात एखादी अंधुक गोष्ट शोधायला अर्धा तास आणि मानेचा चुराडा. हिला दोन-तीन मिनिटं लागतात.

पहिल्या रात्री मी तिपाई सरळ करायची विसरलो. गच्चीला पावसाचं पाणी जायला उतार दिलेला असतो, हे मलाच माहीत नसावं का! लेव्हल नीट केल्यावर सगळं सुरळीत झालं. तुम्हीही आधी गच्चीचा उतार बघा.

पहिला फोटो अर्थात मृगाचा. मृगाच्या पोटात घुसलेला बाण सगळ्यांना माहीत असतो, त्या तीन ताऱ्यांच्या खाली जी धुरकट जागा दिसते तोच मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग. यादीतलं त्याचं नाव एम-४२. साधारण साडेतेराशे प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हा निघालेला उजेड. न्यूटनीतून तो मी शेकड्याने वेळा पाहिला आहे. राखाडी, जरासा हिरवट, पंख पसरलेल्या वटवाघळासारखा. सीस्टार दहा-दहा सेकंदांचे फोटो काढते आणि एकावर एक रचत जाते. पहिल्या फोटोत नुसती खरखर. पाचव्या मिनिटाला गुलाबी छटा. वीस मिनिटांनी नातीला वर बोलावलं. ती म्हणाली, “आजोबा, गुलाल!” दुसरा शब्द मलाही सुचला नसता. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर जो गुलाबी धुरळा उठतो, तोच. मध्ये निळसर-हिरवट झाक.

लोक लगेच विचारतात, हा रंग खरा की मोबाइलचा? खरा आहे. डोळ्यालाच तो दिसत नाही. अंधारात आपलं काम ज्या पेशी करतात त्यांना रंग कळत नाही, आणि त्यांची नजर सगळ्यांत तेज असते ती ५०० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या उजेडाला. तेजोमेघातला ऑक्सिजन बरोबर ५००.७ वर चमकतो, म्हणून डोळ्याला ती हिरवट राख दिसते. हायड्रोजनचा लाल ६५६.३ वर आहे. तिथे त्या पेशी जवळपास आंधळ्या. गुलाल समोर उधळलेला असतो, आपल्यालाच दिसत नाही. सेन्सरला तो दिसतो आणि तो कंटाळत नाही.

हे काही आजचं नाही. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवून. पण माझा लाडका माणूस अँड्र्यू एन्स्ली कॉमन. हा लंडनजवळच्या ईलिंगचा, धंद्याने सांडपाण्याच्या कामातला इंजिनिअर. म्हणजे आमच्याच जातकुळीचा, सार्वजनिक सोयी बघणारा. त्याने घराच्या बागेत ३६ इंची आरसा उभारला आणि १८८३ मध्ये मृगातल्या तेजोमेघाचा असा फोटो काढला की त्यात डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले. त्याच्या आरशाचं क्षेत्रफळ माझ्या भिंगाच्या सव्वातीनशेपटीहून जास्त. शिवाय त्याच्याकडून मृग आकाशात जेमतेम तेहतीस अंश चढतो, साताऱ्याहून सदुसष्ट. ही एक गोष्ट आपल्याला फुकट मिळाली आहे.

आता फिल्टरबद्दल, कारण हा माझा विषय आहे. यंत्रात एक दोन-पट्टी फिल्टर बसवलेला आहे. ॲपमधून बटण दाबलं की तो भिंगामागे येतो आणि फक्त हायड्रोजनचा लाल व ऑक्सिजनचा हिरवा आत सोडतो. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्याचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आजूबाजूला असतो, म्हणजे तो दारातच अडतो. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. त्याचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला, त्यामुळे दोन्ही पट्ट्यांतून थोडा थोडा आत घुसतोच. वीज वाचते, दिवा टिकतो, सगळं मान्य, मी स्वतः शेकड्याने बसवलेत. पण तेजोमेघवाल्याने मनातल्या मनात सोडियमला नमस्कार करावा. आमच्या गल्लीच्या एका टोकाला अजून दोन पिवळे उरलेत, गच्चीच्या त्या बाजूला फोटो चांगले येतात. फिल्टरने तारे मात्र जरा बेरंगी होतात. म्हणून मृगासाठी मी दोन्ही प्रकारे काढतो, आणि दीर्घिका किंवा तारकागुच्छ असेल तर फिल्टर बंदच ठेवतो.

मृगाचा अगदी मधला भाग, जिथे चार ताऱ्यांची चौकट आहे, तो पांढरा फटक होतो. मध्य आणि कडा यांच्या तेजात इतका फरक आहे की एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही धरणं कुठल्याच कॅमेऱ्याला जड. ती चौकट बघायला मी न्यूटनी काढतो. म्हणून ती विकू नका, असं सगळ्यांना सांगतो.

मर्यादा समजून घ्या, मग चिडचिड होत नाही. फोटो १०८० बाय १९२० पिक्सेलचा, मोबाइलवर झकास, भिंतीवर मोठा लावायला नाही. चौकटीची रुंदी पाऊण अंशाच्या आत आणि लांबी सव्वा अंशाच्या जरा वर. मृगातला तेजोमेघ त्यात कसाबसा बसतो. रोझेट, म्हणजे मृगाच्या पूर्वेचा गुलाबाच्या फुलासारखा तेजोमेघ, तो चंद्राच्या अडीचपट रुंद, तो मावत नाही. ॲपमध्ये शेजारशेजारचे तुकडे जोडायची सोय आहे, पण तुकडे जास्त म्हणजे वेळही जास्त. आणि खरखर निम्मी करायची तर वेळ चौपट लागतो, या हिशेबातून सुटका नाही.

दुसरं, ही दुर्बीण तोफेसारखी वर-खाली आणि डावी-उजवी फिरते. आकाश तसं फिरत नाही, ते ध्रुवाभोवती फिरतं. त्यामुळे तासाभरात चित्र चौकटीत हळूहळू गरगरतं आणि रचलेल्या फोटोच्या कडा झिजतात. डोक्यावर तर हे फारच. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून क्रॅब नेब्युला, म्हणजे वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ, घ्यायला गेलो तर नुसता गोंधळ. तो साताऱ्याहून थेट शहाऐंशी अंशांवर जातो, अगदी टाळूवर. तो चढताना किंवा उतरताना धरायचा. २०२५ मध्ये सॉफ्टवेअरमधून ध्रुवाकडे कललेली बैठक वापरायची सोय आली. पण कलवायचं किती? आपल्याकडे ध्रुवतारा अठरा अंशांच्याही खाली. म्हणजे यंत्र जवळजवळ आडवंच होतं. मी एकदा केलं, तिपाईला वाळूची पिशवी बांधली, तरी रात्रभर जीव टांगणीला. आता साध्या बैठकीवर दहा सेकंदांचे फोटो, एवढाच संसार.

पण याच अठरा अंशांमुळे मिळालं तेही सांगतो. ध्रुवतारा जितका खाली, तितकं दक्षिणेचं आकाश जास्त दिसतं. मार्चअखेरीस मेव्हण्याच्या मळ्यावर गेलो, माणमध्येच. घरातून दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा येतो. किल्ल्यावर प्रेम आहे, पण आकाशाच्या बाबतीत तो नुसता डोंगर. मळ्यावर दक्षिण मोकळी. रात्री साडेदहाच्या सुमारास, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या थोडं वर, कॅरिना या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला तेजोमेघ आला. मृगाच्या तेजोमेघाहून कितीतरी मोठा, साडेसात हजार प्रकाशवर्षं दूर, आणि युरोपातल्या लोकांना घरातून कधीच न दिसणारा. क्षितिजाजवळच्या धुरळ्यामुळे तारे थोडे फुगले, बरेच फोटो यंत्रानेच नाकारले. तासाभरात जे उरलं त्यात मध्ये काळी भेग आणि भोवती लालच लाल. मेव्हणे भाकरी खाऊन येऊन बघून गेले, म्हणाले, “दाजी, हे आमच्या रानावर रोज असतं?” वर्षातले काही महिने असतं, म्हटलं.

दुखणं एकच, त्याला यंत्राचा इलाज नाही. धनु राशीतला लगून तेजोमेघ, एम-८, म्हणजे उन्हाळी आकाशाचा राजा. जूनपासून तो रात्रभर वर असतो, आणि आपण खाली छत्री धरून. त्यामुळे मराठी माणसाने तो एप्रिलात पहाटे चारला उठून घ्यायचा. मी घेतला. यंत्र गच्चीवर, मी खाली पांघरुणात, मोबाइल उशाशी. असं सुख १३० मिलिमीटरने कधी दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली.

घ्यावी का? आकाश अजून पाहिलंच नसेल तर आधी घेऊ नका. आधी पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था, जी १९४४ पासून आहे, किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या एखाद्या आकाशदर्शनाला जा, नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखा. शनीची कडी, गुरूचे पट्टे बघायचे असतील तर हे यंत्र त्यासाठी नाहीच, इतक्या कमी नाभीय अंतरात ग्रह म्हणजे ठिपका. पण तेजोमेघाचा रंग एकदा तरी आपल्या हाताने धरायचा असेल, कंबर आणि मान साथ देत नसेल, शहरात राहत असाल, तर घ्या. बॅटरी थंडीत रात्रभर पुरेल असं धरू नका, टाइप-सी वायर आणि पॉवर बँक जवळ ठेवा. मूळ फाइली साठवायचं सेटिंग पहिल्याच रात्री चालू करा. मी डिसेंबरपर्यंत केलं नव्हतं, ते सगळे फोटो आता पुन्हा सुधारता येत नाहीत.

फेब्रुवारीतली एक रात्र राहिली. रोझेटचे तुकडे जोडणं चालू होतं, दोन तास झाले होते, अजून एक हवा होता. तेवढ्यात गच्चीसमोरच्या खांबावरचा एलईडी फडफडला आणि गेला. गल्ली मऊ काळी झाली. पाच मिनिटांत फोन. आमच्याकडे सगळे अजून मलाच फोन करतात.

“अण्णा, दिवा गेलाय बघा समोरचा. तक्रार टाकता का?”

मोबाइलवर त्या क्षणी गुलाबाची डावी पाकळी भरत होती.

“टाकतो की,” म्हटलं. “सकाळी.”